टॅपेटची फट

बाबांनी वाटणी केली. घर थोरल्याला, जुनी गाडी धाकट्याला. घर मिळूनही थोरल्याच्या डोळ्यांत ती गाडी सलत होती.

"न्यायच्या आधी टॅपेट सेट करून देतो," म्हणत त्याने बॉनेट उघडलं आणि मुद्दाम जराही फट न ठेवता वाल्व उघडणारे ते सगळे टॅपेट आवळून टाकले. असं केलं की इंजिनाची टिकटिक बंद होते. पण थोड्याच दिवसांत वाल्व जळतात आणि इंजिनाची वाट लागते.

धाकट्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने गाडी सुरू केली.

"आवाजच नाही की! घर गिळलंस, निदान गाडी तरी नीट दिलीस."

"मिळाली ना? आता तोंड काळं कर," थोरला चिंधीने हात पुसत म्हणाला.

आयुष्यभर गॅरेज चालवलेले बाबा दारातून खाली उतरले. बॉनेटपाशी वाकून त्यांनी बराच वेळ कान दिला. मग इंजिन बंद करून किल्ली काढली आणि थोरल्याच्या तेलकट हातात ठेवली.



"एवढी झकास केलीस, तर गाडी तूच ठेव. घराच्या किल्ल्या त्याला दे."