गादीवरची नोकरी

कॉलेज सांभाळून करता येईल अशी नोकरी तिला महिनाभर पायपीट केल्यावर मिळाली, तीही गाद्यांच्या दुकानात. काम एकच होतं. दुपारी दोन ते सहा दर्शनी काचेमागच्या गादीवर गाढ झोपायचं, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यांना गादीचा मोह पडेल.

पहिले चार दिवस ती अशी घोरली, की मालकाने खूश होऊन तिला नवी उशी दिली. पाचव्या दिवशी मात्र अर्थशास्त्राचा पेपर तोंडावर आला होता. तिने पांघरुणात पुस्तक नेलं आणि मालकाने नेमकं ते पाहिलं.

"कामाच्या वेळेत चक्क जागी?" तो कडाडला. "गिऱ्हाईक काय समजेल, गादी टोचते म्हणून?"

"काका, एकदा माफ करा ना. उद्या पेपर आहे, झोपच लागेना."

"मग दुसरीकडे काम बघ. मला मन लावून झोपणारी माणसं हवीत."

रडवेली होऊन ती घरी आली आणि तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबा वॉचमन. ड्युटीवर झोपलेले सापडले म्हणून त्यांना मागच्याच आठवड्यात काढून टाकलं होतं. आता ते आपली समजूत काढतील, असं तिला वाटलं. पण ते ताडकन उठले आणि शर्टाची बटणं लावू लागले.

 

"ती जागा अजून भरली नाही ना गं?"