अडलेली तार

कुमुदिनीबाईंनी सतार तस्नीमसमोर ठेवली. “आजपासून ही तुझी. माझ्या हाताला आता सूर सापडत नाही गं.”

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा डावा हात बराच सुधारला होता. त्या भाकरी थापायच्या, स्वतःची वेणी घालायच्या. सतार मात्र जुळेना. खुंटी कितीही हळू पिळली तरी तार आधी हलायचीच नाही आणि मग एकदम सुराच्या पुढे उडी मारायची. शेवटी त्यांनी शिकवणीही बंद केली होती.

तस्नीम त्यांची सगळ्यात जुनी शिष्या. तिने जड मनाने सतार मांडीवर घेतली आणि खुंटी पिळली. टक्! तार वर गेली. तिने ती उतरवून पुन्हा चढवली. पुन्हा तेच.

“बाई, माझ्याही हातून असंच होतंय! तार इथे अडतेय.” खुंट्यांपाशी हाडाची पट्टी होती, तिच्यातल्या बारीक खाचेवर तिने बोट ठेवलं.

“म्हणजे... माझा हात नव्हे?”

तस्नीमने तार सैल करून बाजूला सरकवली, पर्समधली पेन्सिल काढून तिचं शिसं खाचेत घासलं आणि तार परत बसवली. “आता तुम्ही लावा.”

बाईंनी डाव्या हाताने खुंटी किंचित फिरवली. तार अलगद सरकली आणि नेमकी सुरावर थांबली. त्यांनी ती पुन्हा पुन्हा छेडून पाहिली. डोळे पुसले.

मग म्हणाल्या, “सतार काही मिळायची नाही तुला. उद्या तुझी घेऊन ये. आपला भूप अर्धाच राहिलाय.”