उजवीकडची खाच

संध्याकाळी जयेंद्रगंजातल्या सभागृहात मेंदूशास्त्रज्ञ भालचंद्रांचा सत्कार होता. मंचामागे त्यांची विद्यार्थिनी सोनिका त्यांच्या गाजलेल्या शोधनिबंधातला फोटो मोठा करून लावत होती. उंदराच्या मेंदूच्या पातळ कापाच्या त्या फोटोचा आधार चारशे बारा शोधनिबंधांनी घेतला होता. लावता लावता तिचा हात थांबला. “सर, खाच डावीकडे आहे.” बाजू ओळखण्यासाठी प्रत्येक मेंदूला उजवीकडेच खाच पाडायची, हा भालचंद्रांचाच नियम. म्हणजे फोटो काढताना त्यांच्याकडून कापाची काच उलटी ठेवली गेली होती, आणि निबंधात निकामी म्हणून मोजलेली मेंदूची बाजू खरं तर धडधाकट होती. सोनिकानं दार लोटलं, कात्री घेतली आणि फोटोची खाचेकडची कड कापून टाकली. “आता किसी को पता नहीं चलेगा, सर.” सहा वर्षं ती त्यांच्याच हाताखाली शिकत होती. भालचंद्रांनी खाली पडलेला तुकडा उचलला. “टेप दे.”