विसाव्याचा रकाना

"वजन किती ढकलायचं?" विक्रेत्याने फॉर्मवर पेन टेकवीत विचारले.

"पाच किलोचा डबा," व्यवस्थापक उत्तरले.

रंगाच्या त्या कारखान्यात पट्ट्यावरून येणारा प्रत्येक भरलेला डबा हाताने ढकलून खोक्याकडे वळविण्याचे कार्य गेली अकरा वर्षे एकच स्त्री करीत होती. सारा कारखाना तिला ढकलमावशी म्हणे. मावशींचा उजवा खांदा धरला होता. तासाला दहा मिनिटे विसावा आणि बसावयास एक स्टूल मिळावे, असा विनम्र अर्ज त्यांनी मागील महिन्यात केला होता. त्या अर्जाचे उत्तर म्हणून हा विक्रेता अवतरला होता.

विजेवर सरळ पुढे-मागे सरकणारा एक दांडा तो विकत असे. त्यास तो अ‍ॅक्चुएटर म्हणे. दांडा आला की आपली गच्छंती अटळ, हे न कळण्याइतक्या मावशी दूधखुळ्या नव्हत्या. त्यांचे हात चालू होते, कान टवकारलेले होते.

"मावशी, जरा डबा ढकला बघू." विक्रेत्याने त्यांच्या हाताला टेप लावला. "चाळीस सेंटीमीटर. दर चार सेकंदांनी. झकास! आता एकच रकाना राहिला. तासाला विसावा किती?"

"विसावा?" कोणी शिवी हासडावी तसे व्यवस्थापक दचकले. "छे! आठ तास सलग."

विक्रेत्याने पेनाला टोपण लावले. "साहेब, या मापात असं यंत्र आमच्याकडे नाही. मोटर तापते, जळून जाते. लोखंड झालं म्हणून काय, त्यालाही सोसवत नाही. आत्तापर्यंत इथे कुठलं मॉडेल होतं?"

व्यवस्थापकांनी हनुवटीनेच मावशींकडे निर्देश केला.

"जुनं मॉडेल आहे, दादा," मावशी म्हणाल्या. "गॅरंटी कधीच संपली."

मोटर जळते, हे ऐकून व्यवस्थापकांचे अंतःकरण द्रवले. यंत्रास तासाला पंधरा मिनिटांचा विसावा जागच्या जागी मंजूर झाला. त्यासाठी अर्ज करावा लागला नाही. यंत्रासाठी पंखा आला. लाल पाटी आली: 'तापले आहे. विसावा चालू. हात लावू नये.' पाटी नीट दिसावी म्हणून तिच्याखाली नवे कोरे स्टूलही आले.

मावशींची नोकरी मात्र वाचली. यंत्र विसावेल तेव्हा त्यांनी डबे ढकलावेत आणि यंत्र ढकलील तेव्हा पलीकडे झाकणे ठोकावीत, असे ठरले.

"आणि माझा विसावा, साहेब?"

"मावशी, तुम्हाला कुठे मोटर आहे जळायला?"

महिनाभर असेच चालले. यंत्र विसावले की व्यवस्थापक जातीने येत, पाटी वाचत, पंखा थोडा वाढवीत आणि मांजराच्या पावलांनी परत जात.

एके दुपारी यंत्र विसावले आणि त्यापाठोपाठ पट्टाही थांबला. व्यवस्थापक तरातरा आले. पंख्याचे तोंड वळलेले होते. स्टुलावर मावशी डोळे मिटून बसल्या होत्या आणि लाल पाटी त्यांच्या गळ्यात होती.

व्यवस्थापकांनी ती वाचली, आणि महिन्याभराच्या सवयीने पंखा थोडा वाढवून, पाऊल न वाजविता, ते परत फिरले.