न पडता मोडलेला पाय

"पण पडली कुठं?" डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"पडलीच न्हाई साहेब," ग्यानबा म्हणाला. "कालव्याच्या वाटेनं पळून राहिली होती. सपाट वाट. पाय टेकवला अन् मटकन् खाली बसली."

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. नडगीच्या हाडावर केसाएवढी रेघ होती. मागच्या पोळ्याला ग्यानबाच्या लेकीच्या, वैष्णवीच्या, पावलाचं हाड असंच मोडलं होतं. एकोणीस वर्षांची पोर, आणि वर्षात दोन हाडं.

तिला पळायची भारी आवड. ना नोकरीसाठी, ना बक्षिसासाठी. दिवस उगवायच्या आत सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या कडेनं तीन कोस धावून यायची. मग स्वयंपाक, मग शेत. "वारं पिऊन आलं का माझं पाखरू?" असं ग्यानबा विचारायचा, आणि ती घाम पुसत हसायची.

"खाते काय?"

"मला आधी वाढून मग खाती साहेब. सोमवार, शनिवार, एकादशी, समदे उपास धरती." ग्यानबाच्या बोलण्यात अभिमान होता. गावात कीर्तन असलं की बुवांच्या मागं टाळ घेऊन तो उभा असायचा. 'जिभेला लगाम, त्याच्या घरी राम' हे बुवांचं बोलणं घरी येऊन लेकीला सांगायचा. लेकही मन लावून ऐकायची.

डॉक्टर वैष्णवीकडं वळले. "पाळी येते का वेळेवर?"

तिनं मान खाली घातली. बापासमोर पोर काय बोलणार! ग्यानबाच पुढं सरकला.

"हिची माय अठ्ठ्याण्णवला गेली. तवापासून माय बी मीच. येती साहेब, बराबर येती. चार दिवस पडवीत बाहेर बसती, देवाच्या भांड्याला हात लावत न्हाई. त्या दिवसांत भाकरी मी थापतो, अन् ताट दुरून सरकवतो. पाच वरसांत एक महिना चुकला न्हाई."

"इतकं सांगणारा बाप मी पहिल्यांदाच बघतोय," डॉक्टर हसले. मग हळूच त्यांचं हसू मावळलं. "मग हे उपासमारीचं दुखणं नाही. त्यात पोरींची पाळी आधी थांबते, मग हाडं ठिसूळ होतात. हिच्या हाडातच काहीतरी असणार. नांदेडला न्या. हाडाचा तुकडा काढून तपासावा लागेल."

"काहीतरी म्हंजी, साहेब?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली.

परतताना जीपमध्ये वैष्णवीनं बापाचा हात घट्ट धरला होता. "आबा, नांदेडला न्हाई जायचं."

"काहून?"

"उगंच."

"भ्यायचं न्हाई बेटा," तो म्हणाला.

घरी आल्यावर शेजारची धुरपताबाई आलीच. कोणत्या घरची पोर कधी बाहेर बसली, याचा हिशेब तिच्याइतका कुणालाच ठाऊक नसे. "आता गं कसं?" तिनं प्लास्टरकडं बघत विचारलं. "उद्या तुझा दिवस ना? पडवीची पायरी कशी उतरशील? पर बसावं तर लागंलच माय. वरच्या आळीतली ती कुवार पोर बसायची बंद झाली, अन् चौथ्या महिन्यात गावाला कळलं काहून ते. तिच्या बापानं पारावर येणंच सोडलं."

"माझी लेक तशी न्हाई," ग्यानबा म्हणाला.

"मी कुठं म्हणते! हिरा हाय तुझी पोर."

दिवेलागणीला देवळातून मृदंगाचा बोल आला. सप्ताहाचा तिसरा दिवस होता. टाळकरी ग्यानबाला हाक मारून पुढं गेले. तो उठला नाही. देवापुढं बराच वेळ हात जोडून बसला. पदरी एकच लेकरू, आणि ते नांदेडहून परत येईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मग त्यानं पडवीतलं पोतं आणि वाकळ उचलली आणि आत आणून देवघराच्या भिंतीलगत अंथरली.

"हे काय आबा?"

"उद्यापासून तू हितंच निजायचं. मोडक्या पायानं बाहेर न्हाई बसायचं. लोक काय म्हणायचे ते म्हणतील. आपल्या लेकराच्या तकलीफीचा देवाला कसला आलाय विटाळ?"

वैष्णवी त्याच्याकडं बघत राहिली. मग इतका वेळ दाबून धरलेलं रडू एकदम फुटलं.

"पडवीत बसायचं मला कारणच नव्हतं, आबा. दोन वरसं झाली, मला काहीच येत न्हाई. लोकांनी भलतंच समजू नये, कीर्तनात तुमची मान खाली जाऊ नये, म्हणून दर महिन्याला चार दिवस मी नुसतीच बसत होते."