खोडलेलं नाव

मी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेत रिसर्च इकॉनॉमिस्ट आहे. कंपन्यांना फोन करून धंदा कसा चाललाय ते विचारायचं आणि रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. रिपोर्ट बाहेर पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी संग्राम चहा घेता घेता तो मोठ्याने वाचतो. बायकोचं कौतुक, दुसरं काय!

आजही वाचत होता. "न्यू जर्सीतली एक सॉफ्टवेअर कंपनी महिनाअखेरीस निम्मे लोक कमी करणार आहे." तो थांबला. "बाप रे! त्या लोकांना माहीत तरी आहे का गं?"

"नसावं."

"कुठली कंपनी?"

"नाव बाहेर जाणार नाही, या भरवशावरच ते आमच्याशी बोलतात. घरीसुद्धा सांगता येत नाही मला."

"अगं, चिडतेस काय? सहज विचारलं." त्याने पांढऱ्या दाढीवरून हात फिरवला. "पन्नाशीच्या माणसाला आता कोण घेणार, सांग. निदान कुणीतरी आधी कानावर घालायला हवं."

मी कप विसळायला घेतला. तो हातातून निसटला, पण फुटला नाही.

"संध्याकाळी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून काही आणू?" दारात बूट घालत त्याने विचारलं.

"नको. तू फक्त लवकर ये."

त्याने बॅज गळ्यात अडकवला आणि निघाला. त्या बॅजवर कंपनीचं जे नाव आहे, तेच रिपोर्टमधल्या त्या वाक्यातून मी खोडलं होतं.