उंच काच

टूरिंगच्या मोटरसायकलवर मागे बसलं की वाऱ्याने भूमेश्वरीचं डोकं दणादणा हलायचं. चिचगडला, माहेरी पोचेपर्यंत मान आखडायची. गोंदियाच्या गजेंद्र मिस्त्रीने तिच्या नवऱ्याला, ओमेश्वरला, दोन उपाय सांगितले. "एक तं समोरची काच उंच लावू. अन् वहिनीले सांगा, चिकटून बसत जा, आता कायले लाजता? मधात वीतभर जागा सोडली, तं हवा तिथंच घुमते."

काच लागली. चिकटून बसायला मात्र भूमेश्वरी तयार होईना. दोन वर्षांपूर्वी सात वर्षांचा हिमांशू तापाने गेला, तेव्हापासून ती तशीच अंतर राखून बसे. दवाखान्यात न्यायला आपणच उशीर केला, त्याचाच हा राग, असा हिशेब ओमेश्वरने मनाशी लावून टाकला होता.

देवरीच्या रस्त्याला गाडी ऐंशीवर गेली, तरी पहिल्यांदाच कानात वारा नव्हता. मागून हळू आवाज आला, "पप्पाले घट्ट धर बेटा. झोपू नको, मामाचं घर येऊनच राहिलं."

दुसऱ्या दिवशी ओमेश्वर पुन्हा गजेंद्रकडे. "काच काढून टाक."

"काऊन? हवा लागूनच राहिली का?"

"नाही," तो म्हणाला, "आता अजिबात लागत नाही."